आंधळ्या बगळ्याविषयी नितांत आदर

तक्रार करण्याची खोड मला मुळीच नाही. आयुष्यात मी फक्त अकरा तक्रारी केल्या आणि त्यांतल्या नऊ अगदी न्याय्य होत्या. दहावी मिन्स्टरच्या, म्हणजे गावच्या मोठ्या चर्चच्या, घंटांविरुद्ध होती. ती मी मोठ्या मनाने मागे घेतली, कारण डीनसाहेबांनी उलट टपाली कळवलं की घंटा बाराव्या शतकापासून वाजताहेत आणि आमचं पिंचबेक कुटुंब इथे मार्चपासून राहतंय. अकरावी 'आंधळ्या बगळ्या'विरुद्ध. तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण थॉर्नमिन्स्टरमध्ये त्या प्रकरणाच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांत माझ्यावर अन्याय होतो. माणसं हसतात हा एक भाग झाला, पण तपशीलही चुकवतात.

'आंधळा बगळा' हा आमच्या भिंतीला भिंत लावून उभा असलेला पब. आमच्या गावच्या तटबंदीच्या आत असे सव्वीस पब आहेत. त्यांतला प्रत्येक पब गावातला सर्वांत जुना आहे आणि प्रत्येकात भूत आहे. शनिवारी संध्याकाळी उंच टोपी घातलेला एक गृहस्थ पाहुण्यांचे घोळके घेऊन या भुतांच्या दारोदार हिंडतो. त्याच गर्दीतून डोक्यावर प्लॅस्टिकच्या जाळ्या लावलेल्या नियोजित वधू आणि त्यांच्या मैत्रिणी किंचाळत जातात आणि रोमन भिंतीच्या पायाशी ओकतात. त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, पत्रकात त्याला पर्यटन म्हणतात.

एकट्या 'बगळ्या'त भूत नव्हतं. मालकीण नोरीन सग्डन हिला त्याचं कारण विचारलं तर ती म्हणे, "मेलेलं गिऱ्हाईक पीत नाही. मग खुर्ची कशाला अडवून ठेवू?"

'बगळ्या'त होतं ते रविवारचं गाणं. दर रविवारी बारा वाजता, चर्चमधून सुटलेली आणि चर्चला न गेलेली अशी तीस-चाळीस माणसं मागच्या खोलीत जमत आणि तीनला पब बंद होईपर्यंत गात. गाणी एकजात बुडालेल्या खलाशांची, फसवल्या गेलेल्या गवळणींची आणि मेंढ्यांची. वॉल्टर ओल्डरॉइड नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा निवृत्त गवंडी पहिला सूर लावी, कारण त्याचा बाप लावत असे आणि त्याच्या आधी आजा. दीडशे वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. युद्धात छपराचा कोपरा उडाला त्या रविवारीसुद्धा मंडळी आत छत्र्या उघडून गायली होती.

आणि नेमकी तीच माझ्या वामकुक्षीची वेळ.

पबच्या शेजारी घर घेतलंच कशाला, असं तुम्ही विचाराल. घराच्या दलालाने जाहिरातीत 'जिवंत परंपरेच्या कुशीत' असं लिहिलं होतं. आम्हांला परंपरा हवीच होती. ती इतकी जिवंत असेल याची कल्पना नव्हती.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण समोरच्या मिसेस फॉदरगिल ही बाई कुणाला गप्प बसू देत नाही. तिच्या स्वतःच्या नावावर चौतीस तक्रारी आहेत, पैकी एक हंसाविरुद्ध. कुंपणावरून ती म्हणाली, "मिस्टर पिंचबेक, तुम्ही सोसता म्हणून हे चालतं. कौन्सिलला एक पत्र टाका. चार ओळी. तुमचं नाव गुप्त ठेवतात, घाबरायचं काही कारण नाही."

"मी घाबरत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. आणि लिहिण्यात तर तुमचा हात कोण धरणार?"

इथे मी फसलो. विमा कंपनीत बत्तीस वर्षं मी लोकांना पैसे का मिळणार नाहीत हे कळवणारी पत्रं लिहिली. माझं पत्र वाचून एका विधवेने आभाराचं कार्ड पाठवलं होतं. निवृत्तीनंतर या हाताला वाण्याची यादी सोडून काम उरलं नव्हतं. त्या रात्री मी टाइपरायटरवर बसलो आणि लिहिलं: 'महोदय, लोकसंगीताविषयी मला नितांत आदर आहे, तथापि, दर रविवारी दुपारी माझ्या शयनगृहाच्या भिंतीतून मेंढ्यांविषयी मिळणाऱ्या माहितीचे प्रमाण काहीसे अधिक आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.'

आमच्या हिला, म्हणजे रोझलिंडला, मी ते वाचून दाखवलं. ती स्वेटरचे टाके मोजत होती. "छान आहे," ती म्हणाली. "नको पाठवूस."

मी पाठवलं. माझी अपेक्षा एवढीच होती की कुणीतरी नोरीनला एक खिडकी लावून घ्यायला सांगेल आणि मला दोन ओळींचं, जमल्यास भाषेचं कौतुक करणारं, उत्तर येईल. तीन आठवड्यांनी 'बगळ्या'च्या दारावर पिवळी नोटीस लागली. कायदा असा आहे की पबमध्ये दोन माणसं गायली तर ती नुसती प्यायलेली असतात. तिसऱ्याने तोंड उघडलं की तो करमणुकीचा कार्यक्रम ठरतो आणि त्याला परवाना लागतो. 'बगळ्या'चा परवाना त्याच उन्हाळ्यात संपत होता, आणि तक्रार आल्यामुळे नूतनीकरणाआधी समितीपुढे सुनावणी ठेवली होती. परवाना गेला तर गाणं बंद.

दुसऱ्या दिवशी नोरीन आमच्या दारात उभी. हातात झाकलेली बशी. साडेपाच फूट उंच, तेवढीच रुंद वाटणारी बाई.

"पिंचबेकसाहेब, आमच्यावर कुणीतरी हलकटाने तक्रार ठोकलीय."

"अरेरे," मी म्हणालो.

"तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता, तुम्हांला कधी त्रास झालाय का आमचा?"

हा क्षण मी पुढे कितीतरी रात्री आठवला. तोंड उघडून 'हो' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण समोरच्याच्या हातात बशी असताना त्याला खरं सांगणं आम्हां लोकांना जमत नाही. माझ्या पायावर कुणी पाय दिला तर सॉरी मी म्हणतो. "छे छे," मी म्हणालो. "उलट आवडतं."

"मला माहीत होतं! तर मग असं आहे, आमच्यात लिहिणारं कुणी नाही. वॉल्टर पाटीवर खडूने लिहितो. तुम्ही म्हणे विम्यात होता. आमच्या बचाव समितीचे सचिव व्हा. पोर्क पाय आणलीय."

पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली खुसखुशीत कचोरीच, अजून कोमट होती. मी सचिव झालो.

पहिल्याच बैठकीत नोरीनने तक्रारीची प्रत आणली. नाव काळ्या शाईने खोडून त्या जागी 'तक्रारदार अ' लिहिलं होतं. तिने ती बारसमोर उभं राहून मोठ्याने वाचली. 'नितांत आदर'ला पहिला हशा झाला. 'तथापि'ला लोकांनी टेबलं बडवली.

"नितांत!" वॉल्टर डोळे पुसत म्हणाला. "ज्याला असला आदर येतो ना, त्याला मूळव्याध असते बघ."

"भाषा मात्र सफाईदार आहे," मी म्हणालो.

"कुणाची, या गाढवाची?" नोरीन म्हणाली. "राजा, तू लिही ना याला उत्तर. असं लिही की त्याला आपल्याच बिछान्यात लाज वाटली पाहिजे."

लिहिलं. स्वतःच्या पत्राचं खंडन करणं किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिल्या मसुद्यात मी तक्रारदाराला 'विचारी, सुसंस्कृत, पण किंचित हळवा गृहस्थ' म्हटलं. समितीने एकमताने त्या जागी 'हेकट म्हातारा' घातलं. त्या उत्तराची प्रत कौन्सिलने तक्रारदाराला पाठवली. म्हणजे मला. आता उत्तर न द्यावं तर तक्रारदार हरला असं झालं असतं, आणि 'हेकट म्हातारा' हे तर सहन करण्यापलीकडचं होतं. मी त्याला उत्तर दिलं. दोन महिन्यांत असे सहा खलिते गेले-आले. दोन्ही बाजू एकाच टाइपरायटरवरून निघत होत्या. रोझलिंड मधूनच विचारी, "आज कोण जिंकतंय?"

सचिवाला रविवारी हजर राहावंच लागे. पहिल्या रविवारी मी शेकोटीशेजारच्या खुर्चीत वही घेऊन बसलो. दुसऱ्या रविवारी पाय ठेका धरायला लागला. तिसऱ्या रविवारी बुडालेल्या खलाशाची आई किनाऱ्यावर येते त्या ओळीला माझं तोंड आपोआप उघडलं. शाळेत असताना संगीताच्या बाईंनी मला प्रार्थनेला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून पन्नास वर्षं चारचौघांत मी ओठच हलवत आलो होतो. त्या दिवशी आवाज आला. शेवटची ओळ संपली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि खोली एकदम शांत झाली होती.

"दम आहे रे तुझ्या आवाजात," नोरीन जरा वेळाने म्हणाली.

"असा आवाज मी युद्धानंतर ऐकला नव्हता," वॉल्टर म्हणाला.

मला हे कौतुक वाटलं. आमच्या लोकांत कुणी 'दम आहे' म्हणालं तर ते कौतुक नसतं, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळायला हवं होतं. पण ज्याला आयुष्यात प्रथमच कुणी गाऊ दिलंय त्याला कळत नाही. खरं सांगायचं तर इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. आता मला तक्रार नको होती. मला ती खुर्ची हवी होती.

मी कौन्सिलला फोन लावला.

"मला माझी तक्रार मागे घ्यायची आहे. 'आंधळा बगळा' प्रकरण."

"अशी काही तक्रार आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "तक्रारदाराचं नाव गुप्त असतं."

"पण तक्रारदार मीच आहे."

"मग तुम्हांला माहीतच असणार. मला माहीत नसतं."

अर्ध्या तासाने निष्पन्न झालं ते असं: आवाजाचं मोजमाप झाल्याशिवाय तक्रार मागे घेता येत नाही, कारण तोवर ती खरी की खोटी हे ठरलेलं नसतं. आणि मोजमाप झालं की मागे घेता येत नाही, कारण मग ठरलेलं असतं.

मोजमापाला टिपिंग नावाचे अधिकारी आले. बारीक, सभ्य, कुजबुजत बोलणारे. त्यांनी एक करड्या रंगाची पेटी माझ्या उशीशेजारी ठेवली. "तीन रविवार ही इथे राहील. तुम्ही नेहमीसारखं वागा, मिस्टर अ." ते घरातसुद्धा मला अ म्हणत.

मी हिशेब केला की भिंत दोन फूट जाड, पेटीला फारसं काही ऐकू जाणार नाही आणि प्रकरण आपोआप मिटेल. पण तिकडे 'बगळ्या'त मंडळींनी धास्ती घेतली होती. मोजणी चालू आहे एवढं त्यांना कौन्सिलने कळवलं होतं. कुठून, ते सांगितलं नव्हतं. सगळे दबक्या आवाजात गाऊ लागले. वॉल्टरसुद्धा पुटपुटायला लागला. मला ते बघवेना. सचिव या नात्याने मंडळींचा धीर टिकवणं माझं कर्तव्य होतं. तीनही रविवार मी सर्वांच्या वाटणीचं गायलो.

सुनावणी बुधवारी सकाळी दहाला, गिल्डहॉलच्या सभागृहात. 'बगळ्या'तली चाळीस माणसं आली होती. वॉल्टरने मयताला घालतो तो टाय घातला होता. अध्यक्षा कौन्सिलर मिसेस बिकरडाइक. त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि शेजारी कायद्याचा सल्लागार. मी सचिव म्हणून पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल घेऊन.

टिपिंगनी यंत्र लावलं. आधी लांबून वॉल्टरचा सूर आला, मऊ, भिंतीपलीकडे कुणी अंगाई म्हणावी तसा. मिसेस बिकरडाइक यांचं बोट टेबलावर ठेका धरू लागलं. मग कोरस आला आणि त्याबरोबर तो आला.

त्याचं वर्णन मी करणार नाही. माझ्या मनातला माझा आवाज आणि तो आवाज यांची ओळखसुद्धा नव्हती. पण शब्द मी ओळखले, कारण 'किनाऱ्यावर' हा शब्द मी एकटाच दोनदा म्हणतो.

"हे काय आहे?" मिसेस बिकरडाइक यांनी विचारलं.

"आम्ही त्याला उगम क्रमांक दोन म्हणतो, मॅडम," टिपिंग कुजबुजले. "त्याच्याशिवाय आवाज मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. त्याच्यासह दुप्पट वर."

"एखादं जनावर?"

"पशुविभागाला ऐकवलं. त्यांनी जबाबदारी नाकारली."

त्या क्षणी सभागृहातल्या चाळीसच्या चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. कुणी छताकडे पाहिलं, कुणी बुटाकडे. 'बगळ्या'तला खलाशासारखा राकट व्हायोलिनवाला खिशातली जुनी पावती वाचू लागला. एका माणसाकडे न पाहण्याचं काम इतक्या लोकांनी इतक्या एकजुटीने केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यावरूनच मला कळलं की माझा आवाज कसा आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि कुणीही मला सांगितलं नव्हतं.

"तक्रारदार अ यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय देता येणार नाही," अध्यक्षा म्हणाल्या. "ते हजर आहेत का? नसतील तर सुनावणी पुढच्या बैठकीत, म्हणजे ऑक्टोबरात. परवाना शुक्रवारी संपतो. तोवर अर्थातच गाणं होणार नाही."

वॉल्टर उभा राहिला. "बाई, ऑक्टोबरात मी असेन की नाही ते मला आत्ता सांगता यायचं नाही."

"ते लेखी द्यावं लागेल," सल्लागार म्हणाला.

वॉल्टर खाली बसला आणि टायची गाठ चाचपू लागला. मी त्या हातांकडे पाहिलं. दीडशे वर्षं, बॉम्ब पडत असताना छत्र्या उघडून टिकवलेलं गाणं या रविवारी तुटणार होतं, आणि ते माझ्या चार सफाईदार ओळींमुळे. मी उठलो.

"सचिवांनी बसावं," अध्यक्षा म्हणाल्या. "मी तक्रारदाराला बोलावलंय."

"मीच तो, मॅडम."

"तुम्ही बचाव समितीचे सचिव आहात."

"तोही मीच."

मिसेस बिकरडाइक यांनी चष्मा काढला. "म्हणजे एकमेकांविरुद्धची ही सहा पत्रं..."

"दोन्हीकडची मीच लिहिली."

सभागृहात टाचणी पडली असती तर टिपिंगनी तिची नोंद घेतली असती. मग मागून नोरीनचा आवाज आला. इतके महिने आवरून धरलेली सभ्यता तिच्याच्याने आणखी धरवेना.

"आणि ते जनावरही हाच आहे!"

सल्लागाराने अर्धा तास पुस्तकं चाळली. एकाच माणसाने तक्रार करावी, तिचा प्रतिवाद करावा आणि तिचं कारणही असावं, याला कायद्यात कुठे बंदी सापडली नाही. मी उभ्यानेच तक्रार मागे घेतली. मोजमाप झालेलं असल्यामुळे ती घेता आली नाही. परवाना मात्र मिळाला, सात अटींवर. सहा अटी खिडक्या, दारं आणि वाळूच्या बादल्यांबद्दल होत्या. सातवी अशी: 'श्री. डेझमंड पिंचबेक, राहणार चार, कॉर्डवेनर लेन, यांनी सदर जागेत कोणत्याही नात्याने गाऊ नये.' खाली गुणगुणण्याची व्याख्या होती. अटी गल्ल्याजवळ सर्वांना दिसतील अशा लावणं कायद्याने बंधनकारक आहे. नोरीनने चौकट करून लावल्या.

त्या दिवशी गिल्डहॉलमधून बाहेर पडताना ती माझ्यासमोर उभी राहिली. "हेकट म्हातारा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मिसेस फॉदरगिलने मला कुंपणावरून सांगितलं की नाव उघड करून मी समस्त तक्रारदारांचा विश्वासघात केला आहे. आता गल्लीत माझ्याशी बोलणारी एकटी रोझलिंड उरली होती.

"माझा आवाज कसा आहे हे तुला माहीत होतं ना?" मी तिला विचारलं.

"पस्तीस वर्षं न्हाणीघरातून ऐकतेय," ती म्हणाली. "तू खूश होतास. मी बहिणीकडे जाऊन बसायची."

मग चार रविवार मी 'बगळ्या'त गेलो नाही. आता वामकुक्षीला हरकत नव्हती. खिडक्या बंद, भिंतीतून जेमतेम कुजबुज. मी टक्क जागा पडून राही. अशी लाज आणि असा एकटेपणा मला कधी वाटला नव्हता. पाचव्या रविवारी मी अटी पुन्हा डोळ्यांपुढे आणल्या. 'सदर जागेत' असं त्यांत होतं. माझ्या शयनगृहाबद्दल अवाक्षर नव्हतं. मी खिडकी उघडली, भिंतीला कान लावला आणि कोरस आल्यावर माझ्या बाजूने गायलो. पुढच्याही रविवारी गायलो.

त्यानंतरच्या गुरुवारी कौन्सिलचं पाकीट आलं. चार, कॉर्डवेनर लेन या घराविरुद्ध तक्रार. नाव काळ्या शाईने खोडलेलं. मजकूर बहुधा पाटीवर खडूने आधी लिहून मग उतरवला असावा, कारण ओळी डावीकडून वर चढत होत्या:

'महोदय, आमच्या शेजाऱ्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तथापि, दर रविवारी दुपारी त्याच्या शयनगृहातून जो प्रकार चालतो त्याने आमच्या मेंढ्यासुद्धा बिथरतात. तरी सदर गृहस्थाला रविवारी बारा ते तीन आमच्या नजरेसमोर, तोंडात काहीतरी घालून, बसवण्यात यावे. त्याची खुर्ची सहा रविवार रिकामी आहे, आणि ती भुताला द्यायची आमची तयारी नाही.'

मी ते तीनदा वाचलं. भाषा बरी होती. 'तथापि' तर अगदी योग्य जागी पडलं होतं. चष्मा पुसावा लागला.

रविवारी बाराला पाच मिनिटं असताना मी जाऊन शेकोटीशेजारी बसलो. वॉल्टरने घसा खाकरून सूर लावला, आणि नोरीनने न विचारता माझ्यापुढे पोर्क पाय आणून ठेवली. तेव्हापासून माझं तेच चाललंय. कोरस आला की मी घास घेतो.